दार नसलेली लाल गाडी

देवमनभाऊ कुठेही बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, कोणाच्या मोटरसायकलवर मागे, अगदी स्वतःच्या घरी खाटेवर चहा पीत असले तरी. समोरून म्हैस येवो, पोर धावत येवो, नाहीतर शेजारचा माणूस जरा जोरात बोलो, पाय खाली दाबलाच म्हणून समजा. त्यांच्या खाटेपुढच्या सारवलेल्या जमिनीला त्या पायाने खळगा पाडला होता. वहिनी दर सणाला तो लिंपायच्या आणि पुढच्या सणापर्यंत तो पुन्हा तयार असायचा. "लोकाईचे ड्रायव्हर घरी आल्यावर झोपतात," वहिनी म्हणत, "आमचा घरातबी गाडी चालोते आन् माह्या भुईले खड्डे पाडते."

मी एसटीत वाहक आहे, म्हणजे कंडक्टर. नोकरीला लागले तेव्हा पहिली कामगिरी देवमनभाऊंच्या गाडीवर लागली आणि पुढे कितीतरी वर्षं बुलढाणा-धाड ही फेरी आम्ही दोघांनी मिळून केली. ते धाडचे, मी बुलढाण्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंगलाबाई, बेल कशी देता? हळू का जोरात?" मी म्हटलं, तुम्हाला कशी पाहिजे? "मले आयकू आली पाहिजे. तिकिटं फाडा, भांडा, काई करा, ते तुमचं. एक बेल म्हनजे मी थांबलो. दोन बेली म्हनजे निघालो. बेलीशिवाय मी हलत नाई, मंग मांगं मंत्री बसेल असो."

स्टेअरिंगवर हा माणूस देवळातल्या समईसारखा शांत असायचा. गाडीतून खाली उतरला की मात्र त्याच्या अंगात वारं भरे. चहा उभ्याने, तोही स्टँडभर फिरत. कोणाशी बोलायचं तर त्याला सोबत घेऊन चालत. एकदा मी म्हटलं, भाऊ, दोन मिनिटं बसा की, बाकडं काही चावत नाही. तर म्हणाले, "उभी गाडी म्हनजे भंगारच, मंगलाबाई. फक्त तिले अजून कोनी सांगतलं नसते." हे वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. गाडीसाठीही तेच, माणसासाठीही तेच.

त्यांचा एक हट्ट होता आणि त्यापायी माझ्या डोक्याला ताप होता. रस्त्यात कोणी हात दाखवला की गाडी थांबलीच पाहिजे. थांबा असो वा नसो, उशीर झालेला असो, गाडीत पाय ठेवायला जागा नसो. एकदा ज्वारीच्या वावरात उभ्या असलेल्या एका माणसाने हात वर केलेला दिसला आणि भाऊंनी गाडी उभी केली. आम्ही थांबलो, तो येईना. मी खिडकीतून ओरडले, "येता ना?" तो गोंधळून म्हणाला, "कुठी? मी त पाखरं हाकलून राह्यलो." अख्खी गाडी हसली. भाऊ हसले नाहीत. गिअर टाकता टाकता म्हणाले, "हसा. पन हात दिसला आन् देवमन थांबला नाई, असं होता कामा नये."

लाल गाडीची गोष्ट मलकापूरच्या घाटातली. त्या दिवशी आम्हाला नेहमीची फेरी सोडून तिकडे पाठवलं होतं. परतताना भरलेली गाडी घाट चढत होती, कण्हत कण्हत. मी मागे तिकिटं देत होते. भाऊंनी हात बाहेर काढून मागच्या कोणाला तरी वाट दिली, एवढंच मला कळलं. मग गाडीत "आरे बाप्पा!" असा एक आवाज उठला आणि सगळे खिडक्यांकडे झुकले. मी वाकून पाहीपर्यंत रस्ता रिकामा होता.  बुलढाण्याच्या स्टँडवर उतरल्यावर भाऊ मला म्हणाले, "पाह्यली का?"

"काय?"

"लाल गाडी. जमिनीले चिकटेल. माह्या खिडकीखालून गेली, मंगलाबाई, मले तिचं टप दिसलं वरून. असं दिसलं का जसं कोनी पाटावर कुंकू सांडलं. आवाज नाई, धूर नाई. वळनावर गेली ते गेलीच."

"मी नाही पाहिली."

"मंग काईच नाई पाह्यलं तुम्ही," ते म्हणाले, आणि चहा घेऊन चालू लागले.

त्यानंतर काही वर्षांनी नेहमीच्या तपासणीत त्यांचे डोळे नापास झाले. काचबिंदू होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आधी बाजूचं दिसणं जातं, मधलं राहतं, आणि पुढे मधलंही आवळत जातं. थेंब टाकत राहा, म्हणजे जेवढं टिकेल तेवढं टिकेल. स्टेअरिंग त्याच दिवशी सुटलं. आगारात हलकं काम मिळालं, फाटकापाशी बसायचं. पण बसणं हेच तर त्यांना येत नव्हतं. कुठल्याही गाडीचं इंजिन सुरू झालं की हे उठून तिच्याजवळ जात, बॉनेटवर हात ठेवून ऐकत. एके दिवशी मला म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीले फाटक उघडाची नोकरी हाय ही. माह्या पायाले काम नाई तिच्यात." आणि मुदतीआधीच नोकरी सोडून धाडला घरी बसले. बसले हा आपला बोलण्याचा भाग.

घरी त्यांनी सहा महिन्यांत वहिनींना सळो की पळो करून सोडलं. पहाटे उठून एसटी स्टँड, तिथून वावर, वावरातून पुन्हा स्टँड. गल्लीतून कोणतीही गाडी गेली की हातातलं ताट खाली ठेवून बाहेर. मी धाडला फेरी घेऊन गेले की वहिनी स्टँडवर येऊन मला सांगायच्या, "काई तरी काम सांगा हो यायले. नाई त मलेच येड लागन." मी काय काम सांगणार? ते काम त्यांनीच शोधलं. एका बाजाराच्या दिवशी मला त्यांच्या रिकाम्या गोठ्यात नेलं. बैल कधीच विकले होते. दावणीच्या जागी दोन सायकली शेजारी शेजारी उलट्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये बांबूच्या कामट्यांचा ढीग होता.

"ते गाडी करून राह्यलो," ते म्हणाले.

"कोणती?"

"एकच त हाय."

मी मोबाइल काढला. म्हटलं, थांबा, तसल्या गाड्यांचे फोटो दाखवते, हव्या तितक्या आहेत. त्यांनी माझा हातच खाली केला. "ठेवा ते. मोबाइलातली नाई कराची मले. म्या पाह्यली ते कराची. ते जर बुजली ना डोक्यातून, मंग काय राह्यलं?" तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या घाईचं कारण कळलं. डोळ्यांतली जागा कमी होत चालली होती आणि त्या उरलेल्या जागेत ती गाडी त्यांना एकदा समोर उभी करून पाहायची होती. पाहायची आणि चालवायची. पायडलवर चालणाऱ्या गाडीला कोणी लायसन विचारत नाही, हे त्यांनी आधीच चौकशी करून ठेवलं होतं.

धाडच्या सायकल दुकानातले रशीदभाई जोडकामाला होते. दोन सायकलींचा सांगाडा एक झाला, लहान चाकं लागली, त्यावर कामट्यांचा साचा चढला. वरून मढवायला भाऊंनी गावोगावच्या झाडांवर लोंबणारे जुने फ्लेक्स जमवले, वाढदिवस उलटून गेलेले. छापील बाजू आत आणि पांढरी बाजू बाहेर करून त्यांनी ते ताणून बसवले आणि त्यावर लाल ऑइल पेंटचे हात मारले, इतके की गोठ्यात नुसतं शिरलं तरी डोळे झोंबायचे. बाहेरून गाडी कुंकवासारखी लाल. आतून मात्र टपावर कोणीतरी पुढारी हात जोडून हसत असे. स्टेअरिंग भंगारातून ट्रकचं आणलं होतं. ते एवढं मोठं की पायडल मारताना गुडघे दोन्हीकडे फाकवावे लागत. मी म्हटलं, भाऊ, जरा लहान घ्या. "मंग ते खेळनं होईन," ते म्हणाले. उजव्या पायाजवळ बसमध्ये असतो तिथेच त्यांनी ब्रेक बसवला. रशीदभाई सांगून थकले की सायकलला हाताचा ब्रेक असतो. आणि मागे एक जास्तीचं बसणं, डोक्यावरून दोरी, दोरीला घंटी. ते कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती.

बाजाराच्या दिवशी गाडी गोठ्याबाहेर निघाली. अर्धं धाड जमलं होतं. मेथीच्या जुड्या तशाच टाकून बाया आल्या होत्या. आणि खरं सांगते, तिचा टप, तिचा पुढचा उतार, मागची उचललेली पाठ, काय ते वळण होतं. कामट्या आणि फ्लेक्सची गाडी उभी होती आणि ती पळते आहे असं वाटत होतं. मी घाटात जे पाहिलं नव्हतं ते मला त्या दिवशी दिसलं.

"बसा की आता," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. हात फिरवत फिरवत तिसरी. लोक वाट पाहत होते. शेवटी रशीदभाईंनी हळूच विचारलं, "देवमनभाऊ, दरवाजा किधर रखा?"

दार नव्हतंच. एकही नव्हतं. बाजूच्या खिडक्याही नव्हत्या. टपावरून लाल रंग जो खाली उतरला होता तो थेट चाकांपर्यंत. इतके महिने रशीदभाई सांगाड्यात गुंतलेले आणि भाऊ टपात, कोणाच्या ध्यानातच आलं नाही. वहिनींनी पदर तोंडाला लावला आणि त्यांना हसू आवरेना. "मंग त्या गाडीतले मानसं काय वरून टाकेल होते का?"

सगळा बाजार खदखदला. भाऊ शांतपणे म्हणाले, "मी बसच्या शिटावर होतो. मले वरून दिसली. बाजू मले दिसलीच नाई, ते मी कुठून करू?"

तेवढ्यावर तो विषय त्यांनी संपवला. दार पाडून देतो असं रशीदभाई कितीदा म्हणाले, पण नाही. मग असं ठरलं की चौघांनी कवच उचलायचं, भाऊंनी सांगाड्यावर बसायचं, आणि वरून पुन्हा कवच ठेवून ते वाऱ्याने उडू नये म्हणून बाहेरून सुतळीने बांधायचं. कोंबड्यांवर डालगं झाकावं तसं. वहिनी त्या गाडीला शेवटपर्यंत डालगंच म्हणाल्या. "यायले डालग्याखाली झाकलं का दोन घंटे मले उसंत भेटते," असं त्या बाजारात सांगत. पण मी एक पाहिलं होतं. गल्लीतून भाऊ गाडी चालवत तेव्हा त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत नसे. तो गोल फिरत असे, डाव्याच्या जोडीने. कितीतरी दिवसांनी त्या पायाला काम मिळालं होतं.

कोणीतरी व्हिडिओ काढला आणि तो फिरत फिरत शहरातल्या एका मॅडमपर्यंत पोचला. त्या चित्रकला शिकवत. बुलढाण्यात त्या एक प्रदर्शन भरवणार होत्या. त्या धाडला आल्या, गाडीभोवती फिरल्या, खाली वाकून पाहिलं, आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "याला दार करू नका हं."

"नाईच करत," भाऊ म्हणाले. त्यांना त्या बाई एकदम आवडल्या.

"जे दिसलं तेवढंच केलंत. ही कला आहे. आम्ही हिला हॉलच्या मधोमध ठेवू, भोवती दोरी लावू, कोणी हात लावणार नाही."

"आन् चालवनार कोन?"

"चालवायची नाही, भाऊ. पाहायची. तीन महिने राहील, मग सुखरूप परत आणून देऊ."

भाऊ खाटेवर बसले, उठले, पुन्हा बसले. पाय खळग्यात दाबला गेला. तीन महिन्यांनी गाडी परत येईल तेव्हा आपल्याला कितपत दिसत असेल, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर मला वाचता येत होता. बाजू तोवर गेलीच होती. शेजारी उभं राहिलेलं माणूस बोलल्याशिवाय त्यांना कळत नसे. शेवटी ते म्हणाले, "देतो. पन टेम्पोत नाई घालू देनार. मी आनून देतो. चालवत. माह्या रस्त्यानं."

मॅडम खूश झाल्या. त्यांना डोळ्यांचं माहीत नव्हतं. त्या गेल्यावर घरात जे भांडण झालं ते मी उंबऱ्यावर बसून ऐकलं. वहिनींचं म्हणणं सरळ होतं. डॉक्टरांनी रस्त्यावर जायला मना केलं आहे, गल्ली वेगळी आणि सडक वेगळी. भाऊंचं म्हणणंही सरळ होतं. एकदा. एकदाच. धाड ते बुलढाणा, शेवटची फेरी. ती त्यांना मिळालीच नव्हती. दुपारी तपासणीला गेले आणि संध्याकाळी ड्रायव्हर नव्हते.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "मंगलाबाई, हे तुमच्याशिवाय हलत नाईत. तुमच्या हातात बेल हाय. तुम्ही देऊ नोका."

 भाऊंनी माझ्या दिशेला मान वळवून धरली होती.  नाही म्हटलं तर तो माणूस खरंच जागचा हलला नसता, मला ठाऊक होतं. बेल हा त्याचा धर्म होता. मी म्हटलं, "मी मागे बसते. बाजू मी पाहते. एक बेल वाजली की जागच्या जागी थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. आणि माझ्या बसण्याच्या दोन्ही अंगांना खिडक्या कापायच्या."

"त्या गाडीले खिडक्या नव्हत्या," भाऊ म्हणाले.

"त्या गाडीला कंडक्टर तरी कुठे होती?"

त्यांनी स्वतः ब्लेडने खिडक्या कापल्या, मोठ्या नाराजीने. वहिनींनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. हरभरा घाट्यावर आला होता आणि हवेत गारवा होता. वहिनींनी भाऊंच्या डोळ्यांत थेंब टाकले, भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि सुतळीच्या गाठी स्वतः मारल्या, जरा जास्तच घट्ट. समोर भाऊंनी पाटी लावली होती, धाड-बुलढाणा. मी दोन बेली दिल्या. गाडी हलली.

तो प्रवास मी कसा सांगू? स्पोर्ट कार म्हणावी तर डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली एक बाई आमच्या बरोबरीने चालत होती आणि माझ्याशी सुनेच्या तक्रारी करत होती. चढ आला की वावरातली माणसं धावत येऊन ढकलत. काळीपिवळी जीपवाले हॉर्न मारत, ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर थांबवून उतरून पाहत राही. आमचीच फेरी मागून आली तेव्हा भाऊंनी आवाजावरून ती ओळखली. "जाऊ द्या तिले. तिले टाइम पाळाचा असते." बस बाजूने गेली, खिडक्याखिडक्यांतून माणसं ओरडली, आणि ड्रायव्हरने असा लांबलचक हॉर्न दिला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र बसल्या बसल्या सारखी डावीकडे पाहत होते, उजवीकडे पाहत होते. दोरी हातातून सुटली नाही.

अर्ध्याहून जास्त रस्ता मागे पडला आणि मोठा उतार लागला. गाडी आपोआप पळू लागली. कामट्या करकरल्या, डोक्यावरचा पुढारी फडफडायला लागला. "पाहा!" भाऊ ओरडले. "पाहा मंगलाबाई, आता पळाली!" त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, घाटातली ती गाडी असाच आवाज मागे सोडून गेली असेल.

उताराच्या तळाशी एक फाटा आहे. तिथे लिंबाखाली एक म्हातारी बोरांची पाटी घेऊन उभी होती. आम्ही दिसताच तिने हात वर केला. मला वाटलं भाऊंनी पाहिलं. तिने हात हलवला. आम्ही पळतच होतो. मग ती पाटी कमरेवर घेऊन, हात तसाच वर धरून, डावीकडून सरळ रस्त्यावर आली.

मी बेल दिली. एकच.

उजवा पाय पायडल सोडून ब्रेकवर असा आदळला की माझं कपाळ पुढच्या बांबूवर आपटलं. गाडी फरपटत थांबली. म्हातारीचा तळहात आमच्या लाल बॉनेटवर टेकलेला होता. तिला काहीही झालं नव्हतं. तिने समोरची पाटी पाहिली आणि विचारलं, "बुलढान्याले जाते का रे बाप्पा ही गाडी?"

"कोन बोललं?" भाऊंनी विचारलं.

"एक म्हातारी आहे."

"कुठी हाय?"

"तुमच्या डाव्या हाताला. बॉनेटपाशी."

त्यांनी सगळी मान वळवली, मग खांदे वळवले, तेव्हा कुठे त्यांना समोरच्या काचेच्या जागेतून ती सापडली. "कव्हापासून उभी हाय?"

मी खोटं बोलू शकले असते. पण त्या माणसाशी मी बेलीने कधी खोटं बोलले नव्हते, तोंडाने कसं बोलणार? म्हटलं, "आपल्याला उतार लागल्यापासून हात दाखवत होती."

 भाऊंचे दोन्ही हात त्या मोठ्या स्टेअरिंगवर होते. मी दोरी धरून बसले होते. दोन बेली दिल्या असत्या तर ते निघाले असते, असं मला आजही वाटतं. बुलढाणा काही लांब राहिलं नव्हतं. पण तेच म्हणाले, "आता बेल देऊ नोका, मंगलाबाई." आणि मग बाहेरच्या बाजूला, "माय, ते सुतळी सोडजा जरा. आम्हाले उतरू दे."

वहिनींच्या गाठी सोडवता सोडवता म्हातारी पुटपुटत होती. कवच एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने एका मेंढपाळाने उचललं, आणि आम्ही दोघं त्याखालून बाहेर आलो. "असी कसी गाडी रे तुमची," म्हातारी म्हणाली, "मानसाले आत कोंडून ठेवते?"

गाडी जवळच्या वावरातल्या गोठ्यात ठेवली. मॅडमचा टेम्पो तिला नंतर घेऊन गेला. भाऊ रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. बसचा आवाज आला तेव्हा त्यांनी हात वर केला. उभ्या आयुष्यात त्यांना असा हात दाखवताना मी पाहिलं नव्हतं. बस थांबली. ते म्हातारीशेजारी बसले, तिची पाटी मांडीवर घेतली. समोरून ट्रक आला, बैलगाडी आली, एक कुत्रं आडवं गेलं. मी त्यांच्या पायाकडे पाहत होते. पाय हलला नाही.

प्रदर्शनात गाडी हॉलच्या मधोमध होती, भोवती दोरी, वरून दिवे. लोक वाकून वाकून दार शोधत होते आणि मॅडम त्यांना समजावून सांगत होत्या. आम्ही भाऊंना घेऊन गेलो. ते थोडा वेळ उभे राहिले आणि वहिनींना म्हणाले, "चाल. ते बरी दिसते." गाडी त्यांनी परत मागितली नाही. ती आता शहरात, मॅडमच्या कॉलेजात आहे.

आता त्यांचं मधलंही दिसणं गेलं आहे. धाडला फेरी असली आणि वेळ असला की मी घरी डोकावते. ते खाटेवर बसलेले असतात, चहाही बसूनच पितात. वहिनी माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या आहेत. परवा मला खालची जमीन दाखवून म्हणाल्या, "पाहा, दिवाईले लिंपेल खड्डा. अजून उखडला नाई." त्या हसत नव्हत्या.

मी आपलं चेष्टेने म्हटलं, "भाऊ, पाय शांत झाला हो तुमचा."

"लागला ना ब्रेक," ते म्हणाले. "किती वर्सं शोधून राह्यलो होतो. त्या दिशी बरोबर लागला." मग विचारलं, "बोरंवाली दिसते का हो रस्त्यानं?"

"दिसते."

"हात दाखोते?"

"दाखवते."

"थांबता ना?"

"थांबतो, भाऊ," मी म्हटलं.

नवा ड्रायव्हर पोरगा चांगला आहे, पण घाईचा. तो उतार लागला की माझं तिकिटांत लक्ष राहत नाही. फाटा यायच्या कितीतरी आधी माझा हात वर जातो आणि दोरी धरून ठेवतो. आता तर घरी जेवताना, लग्नात बसले असताना, कोणाशी बोलता बोलताही माझा हात उगाच वर उठतो आणि काहीतरी शोधत राहतो.